डाव्या वळणाच्या बिड्या

टेकचंद, तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि आपल्या मुर्री गावात तुझ्याबद्दल दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं, माणूस भला होता. दुसरं, पण जेलात गांज्याच्या बिड्या बांधत होता. पहिलं वाक्य लोकांनी तुला पाहून केलं. दुसरं माझ्यामुळे आहे. ते खोटं आहे हे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे.

तू असतास तर म्हणाला असतास, "कायले उकरून रायला गा भोजू, जाऊ दे." जाऊ दे म्हणण्यात तू पटाईत होतास आणि ते ऐकून गप्प बसण्यात मी. आता म्हणणारा उरला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मंडईतल्या भांडणाबद्दल इथे काही सांगत नाही. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आपल्याकडची जत्रा, गर्दी, दारू, बाचाबाची, आणि एक माणूस आपल्या काठ्यांनी मेला. कोणाची काठी शेवटची, ते आपल्यालाही कळलं नाही. त्याच्या घरच्यांचं जे नुकसान झालं ते भरून येणारं नव्हतं. शिक्षा झाली ती आपल्या वाट्याचीच होती, हे तूही मानायचास. मी बोलतो आहे ते त्याच्या पुढचं.

तुझी आई लवकर गेली म्हणून तू आमच्या छपरीत वाढलास. माय बिड्या बांधायची. सट्टेदाराकडून, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडून, तेंदूपत्ता, तंबाखू, सूत यायचं. सूप मांडीवर घेऊन ती बसायची आणि आपण दोघं तिच्या पुढ्यात. माय डावखुरी होती. साऱ्या मुलखाची बिडी उजवीकडे वळते, मायची डावीकडे वळायची, आणि तिच्या हाताकडे पाहून शिकलो म्हणून आपलीही डावीकडेच. सट्टेदाराचा तपासणीवाला बंडल हातात घेताच म्हणायचा, "हा मुर्रीच्या डावरीचा माल." त्यात छाट निघायची नाही. छाट म्हणजे नापास बिडी, बाजूला फेकायची. आपल्या तिघांच्या बिड्या एका सुपात पडल्या की कोणती कोणाची हे मायलाही सांगता यायचं नाही. बायांना ती कौतुकानं सांगायची, "माहे पोट्टे दोन, पन हात एकच हाय."

त्या एका हातानं पुढे काय केलं ते तिला कधी कळलं नाही. कळलं ते उलटं कळलं.

मोठ्या जेलात आपण गोंदियाकडचे चौघं होतो. तिथे आपल्याला नावानं कोणी हाक मारत नव्हतं. तांदळाच्या मुलखातले, म्हणून "ए चावल." बाहेरच्या फाटकावर सरकार होतं आणि बराकीत उस्ताद होता. मोठ्या शहरातला, जन्मठेपेचा, आवाज कधीही न चढवणारा माणूस. कोणी कुठे झोपायचं, नळावर आधी कोण, स्वयंपाकघरात कामाला कोण, मुलाकातीला आलेल्या फराळातलं कोणाला किती, हे सगळं तो ठरवायचा. त्याच्या माणसांना सगळे कंपनी म्हणत. पप्पू हा त्याच कंपनीतून फुटलेला. समोरच्या भिंतीला त्यानं आपली माणसं बसवली होती आणि रोज एकेक जागा पुढे सरकत होता. जेलात पैसा नव्हे, बिडी चालायची. ज्याच्या हातात बिडी त्याच्या हातात बराक. दोघांचं भांडण खरं त्यासाठी होतं.

आपल्यासारख्यांना कोणाचं तरी व्हावंच लागायचं. तू कोणाचाच झाला नाहीस, त्यामुळे संडासाच्या दाराजवळची जागा कायमची तुझी झाली. सुरुवातीला मीही तुझ्या शेजारीच होतो. मग एक दिवस नळावर पप्पूच्या पोरांनी मला घेरलं. मी उस्तादच्या माणसाला बादली आधी भरू दिली, एवढंच कारण. जेवणाची थाळी फरशीवर घासून तिला धार लावतात, ती कानामागे लागली. टाके पडले. दवाखान्यातून परत आलो तर उस्ताद त्याच्या चादरीवर बसला होता. त्यानं हातानंच मला जवळ बोलावलं.

"चावल, तेरे यहां बीडी बनती है ना?"

"जी."

"तेरे को आती है?"

मी पुन्हा जी म्हणालो. तेवढ्यावर ठरलं. भिंतीजवळची जागा मिळाली, डोक्याखाली घ्यायला दुमडलेली घोंगडी मिळाली, आणि नळावर माझ्याकडे वाकड्या नजरेनं कोणी पाहीना.

काम तुला माहीत होतं. कँटीनच्या बिड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. पान नरम झालं की सूत सोडायचं, तंबाखू काढायचा, त्यात गांजा मिसळायचा आणि पुन्हा बांधायचं. पानाला आधीचा उजवा पीळ असायचा. तो मोडून मी डावा द्यायचो. मुद्दाम नाही, हात तसाच जायचा. वरून बिडी बिडीसारखीच. उस्तादच्या लोकांनी वळणाकडे कधी पाहिलं नाही, ती बिडी बांधणाऱ्या घरातली माणसं नव्हती.

त्यावरून तू एकदाच भांडलास. दुपारची वेळ होती, बराकीतले अर्धे लोक कामावर गेले होते.

"कोनाच्या हातानं बांधून रायला तू?"

"माह्याच."

"तुहा कुठचा गा. मायचा हाय तो हात."

"तुले संडासाजवळ झोपाले गोड लागते तं झोप. मले नाई लागत."

"मले वासानं झोप येत नाई. तू तं भिताडाजवळ हायस, तुले काऊन येत नाई?"

मी पुढची बिडी उचलली. तू माझ्या जागेपर्यंत आला होतास, तसाच परत गेलास. त्यानंतर आपण जेवण, ऊन, मुलाकात, असल्याच गोष्टी बोललो.

मग पप्पूनं चाल केली. मारामारीनं उस्ताद हलत नाही हे त्याला कळलं होतं. त्यानं त्याच्या एका शिपायाकडून वर खबर पोचवली. झडती झाली आणि खिडकीच्या जाळीमागे बिड्यांचं बंडल सापडलं. उस्तादच्या अंगावर काहीच नव्हतं, त्याच्या जागेतही नव्हतं. बांधणारा कोण, एवढाच प्रश्न उरला. झडती घेणारा जेलचा सुभेदार भंडाऱ्याकडचा निघाला. त्यानं एक बिडी उचलली, उन्हात धरली, फिरवली. म्हणाला, "हे उलट्या वळनाची हाय. बहीन बांधते माही, मले नोको शिकवू."

आपल्या चौघांना अंगणात बसवलं. प्रत्येकापुढे ओल्या फडक्यात नरम केलेल्या कँटीनच्या बिड्या ठेवल्या. "खोला अन् बांधा. पाहू द्या मले हात."

टेकचंद, हे तू असेपर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं. पहिले दोघं उजवीकडचे, सुटले. तिसरा मी. मी सूत सोडलं, पान उघडलं. पानावर आधीची उजवी घडी पडलेलीच होती. तिच्या मागे मागे बोटं नेली की झालं. मी ती नेली. अवघड होईल असं वाटलं होतं, झालं नाही. बिडी वाकडी झाली, तोंड सैल राहिलं, पण उजवी झाली. मी ती सुभेदारापुढे ठेवली आणि त्याच क्षणी मला पुरतं ठाऊक होतं की माझ्यानंतर तू बसला आहेस.

तू ती बिडी पाहिलीस. खूप वेळ नाही, जितका वेळ माय पाहायची तितकाच. मग म्हणालास, "छाट हाय."

"काय म्हनला?" सुभेदारानं विचारलं.

"काई नाई साहेब."

आणि तू तुझं पान घेतलंस, उजवी घडी अंगठ्यानं सपाट केलीस, आणि मायसारखी बांधलीस. इतकी नीट की सुभेदारालाही वाईट वाटलं असावं. त्यानं जाळीमागची बिडी तुझ्या बिडीशेजारी ठेवली. दोन्हींचं वळण एकच होतं.

इतकी वर्षं मी एकच प्रश्न घेऊन फिरलो. तुझा हात आपोआप तसा गेला, की माझी बिडी पाहिल्यावर तू ठरवलंस? आपोआप गेला असेल तर मी तुला फसवलं. ठरवलं असशील तर तू मला वाचवलंस, आणि मी तसं वाचवू दिलं. दोन्हींतलं कमी वाईट कोणतं हे मला अजून ठरवता येत नाही. कधी कधी तुझा रागही यायचा. नाव घेतलं असतंस माझं, तर दोघंही मोकळे झालो असतो. तू बोलला नाहीस, म्हणून मलाही बोलायची गरज पडली नाही.

त्या संध्याकाळी उस्तादनं माझ्यासाठी चहा पाठवला. मी प्यालो.

शिक्षेत मिळालेली तुझी माफी कापली गेली, वर नवी केस लागली, आणि तुला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या जेलात पाठवलं. तिथे गोंदियाचा माणूस मुलाकातीला जायचा म्हणजे दोन गाड्या बदलून. तुझ्या घरच्या, इमला वैनी, एकदाच जाऊ शकल्या, तुमच्या लहानग्या मनीषाला कडेवर घेऊन. इकडे उस्तादचं काय झालं तेही सांगतो, तू कधी विचारलं नाहीस. पप्पूनंच शेवटी बाजी मारली. उस्तादला हलवलं, कंपनीची माणसं पप्पूची झाली, आणि भिंतीजवळची माझी जागा दुसऱ्याला गेली. ज्या जागेसाठी तुला पुढे केलं ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकली नाही. नंतर मी तुझ्याच जागेवर झोपायचो, संडासाच्या दाराशी. त्यानं काही फिटत नाही, हे मला तिथेही कळत होतं.

मी आधी सुटलो. गोंदियाला स्टेशनवर ऑटो लावला. स्टेशन, कुडवा, मुर्री, हीच वाट. पहिल्याच आठवड्यात वैनी आल्या. डोक्यावर पदर, मनीषा बोटाला.

"भाऊजी, खरं हाय का? यायनं केलं का थे?"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जेलातलं काही सांगता येत नाही, वैनी."

वैनींनी ते वाक्य जसंच्या तसं घरी नेलं. तुझ्या चुलत्यांनी ते पारावर नेलं. पारावर त्याचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत भोजूनंच कबूल केलं, असं झालं.

तू परत आलास तेव्हा माय अजून होती. डोळे गेले होते, बिड्या सुटल्या होत्या, पण सूप तिनं फेकू दिलं नव्हतं. तू पाया पडलास. तिनं तुझा हात चाचपडत धरला, बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि विचारलं, "टेक्या, याच हातानं गांजा बांधलास का रे बाप्पा?"

मी चौकटीत उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, हे मला नीट आठवतं. पाहिलं असतंस तर कदाचित मी बोललो असतो. तू म्हणालास, "हव माय."

तिनं हात सोडून दिला. "मंग माह्या सुपाजवळ नोको बसू," म्हणाली.

तू उठून अंगणात गेलास. माय त्या पावसाळ्यात गेली. तिच्या लेखी तिचा एक पोरगा बिघडला आणि एक शाबूत राहिला. तू नाही म्हणाला असतास तर ती पुढचं विचारणारच होती. एक हात दोघांचा, मग दुसरा कोण? ते तिला कळू नये म्हणून तू हव म्हणालास. माझ्यासाठी म्हणालास असं मी मानत नाही. तिच्यासाठी म्हणालास. तिला मी हवा होतो, शाबूत.

एवढं सगळं पोटात घेऊन आपण एकाच गावात राहिलो. तू माझ्या ऑटोत बसायचास, मागे नाही, माझ्या शेजारी, अर्धा बाहेर. तांदळाच्या गिरणीवर हमालीला जायचास. कोंढ्याची धूळ छातीत बसली, खोकला लागला. तू गमती सांगायचास. गिरणीमालकाच्या मुनीमजीची नक्कल तर अशी करायचास की सवाऱ्या हसता हसता भाडं द्यायला विसरायच्या. मी हसायचो. आता वाटतं, तू शेजारी बसायचास ते मला बोलायला जागा मिळावी म्हणून. कदाचित मागे फक्त गर्दी असायची म्हणूनही असेल.

गेल्या उन्हाळ्यात मनीषाला पाहायला बालाघाटकडचे पाहुणे आले. चांगली माणसं. मुलगा शाळेत मास्तर. जाताना माझ्याच ऑटोत बसले. कुडव्याच्या अलीकडे रेल्वेफाटक बंद होतं, तिथे पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "भैया, लड़की के पिताजी कैसे आदमी हैं? कुछ सुना है हमने."

मी म्हणालो, "आदमी अच्छा है. जेल में मेरे साथ था."

पुढचं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात रेल्वेफाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी गाडी पुढे घेतली. निरोप आला नाही, तुला कारण समजलं. मनीषानं तुला काही म्हटलं नाही. वैनी म्हणाल्या. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं म्हणाल्या. तू अंगणात बसून ऐकून घेतलंस.

शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हाही तू शेजारीच बसलास, रुमाल तोंडावर धरून. मी म्हणालो, "टेक, त्या दिवशी सुभेदारापुढं मी..."

"गाडी चालव गा. खड्डा हाय समोर."

खड्डा खरंच होता. मी चुकवला. तोवर तू मुनीमजीची गोष्ट काढली होतीस.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. वैनी तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, आत्ता इथे लिहिलं तसंच, काही न गाळता. मायच्या प्रश्नाचंही सांगितलं. वैनींचा हात तांदळात थांबला नाही. मी गप्प झालो तरी त्या निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्याले काय काय बोलली, तुमाले मालूम हाय?"

"हव."

"बाहेर उभं राहून आयकत होते ना तुमी. ऑटो उभा रायचा तुमचा."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मले सांगून काय होते आता. पोरीले सांगा. अन् मंग लोकाइले सांगा. जेथं त्याचं नाव गेलं तेथं सांगा."

मनीषा चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन तिनं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, कारण घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, आणि आत निघून गेली. तो पेला मी उचलू शकलो नाही.

तेरवीला पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो. सभेत बोलायची मला सवय नाही. बिड्या मी बांधत होतो, टेकचंदनं गांज्याला कधी हात लावला नाही, माझ्या जागी शिक्षा त्यानं भोगली, असं मी मोठ्यानं सांगितलं. मग तुझ्या थोरल्या चुलत्यानं डोळे पुसले.

"पाहा," तो बाजूच्याला म्हणाला, "दोस्ती अशी पाह्यजे. गेलेल्या मानसाचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन रायला."

मी म्हणालो, नाही काका, खरंच मीच.

"हव हव. बस बाबू, बस. आमी समजतो."

कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणी म्हणालं, भोजू पहिल्यापासूनच तसा. वाढप सुरू झालं. मला आग्रहानं पहिल्या पंगतीत बसवलं, टेकचंद. तुझं नाव होतं तिथेच राहिलं आणि माझं वर चढलं. वीस वर्षांत वेळ आली तेव्हा तेव्हा मी गप्प बसलो होतो, आणि बोललो तेव्हा बोलण्याला किंमत नव्हती. खरं सांगायलाही एक वेळ असते. ती मायच्या चौकटीत होती, रेल्वेफाटकावर होती. ती तेरवीच्या मांडवात नव्हती.

मी जेवलो नाही. उठून निघालो तर वैनी दारात उभ्या होत्या.

"मानलं नाई ना कोनं?"

"नाई."

"एका टायमानं कोनी मानत नाई. यायच्यावर एक वाक्य तुमी एकदाच बोलले होते, थे मात्र मानलं," त्या म्हणाल्या. "मंग आता रोज सांगा. ऑटो हाय ना तुमचा. सवाऱ्या बसतेत ना रोज."

मला वाटलं रागानं म्हणतायत. रागानं नव्हतं. त्या माझं उत्तर ऐकायला थांबल्या होत्या. मी हव म्हणालो, तेव्हाच आत गेल्या.

हे लिहिलं ते त्यासाठीच. खाली नाव माझं घालतो आहे, गाव घालतो आहे, म्हणजे वाचणाऱ्याला विचारायचं असेल तर स्टेशनवर येऊन विचारता येईल. बालाघाटच्या म्हाताऱ्यालाही एक प्रत पाठवतो आहे. मनीषासाठी नाही, ती नको म्हणाली. "माहं लग्न जमवून नोको देऊ कोनी आता," म्हणाली. त्या म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं, म्हणून.

आज सकाळी पहिली सवारी कुडव्याची होती, हातात पिशवी असलेला एक माणूस. मी सुरुवात मंडईपासून केली, मग जेल, मग उस्ताद, मग पप्पू. त्याला गोष्ट आवडली. "फिर?" "फिर?" करत होता. कुडवा आलं तेव्हा तुझं नाव अजून यायचं होतं. तो पैसे देऊन उतरला, आणि त्याच्या लक्षात उस्तादच राहिला असणार.

दुसरी सवारी एक बाई होती. मी गाडीला किक मारली आणि म्हणालो, "बाई, आमच्या मुर्रीत टेकचंद म्हणून एक माणूस होता. त्यानं काहीच केलं नव्हतं."

— भोजराज, मुर्री